रोहितांचं गणगोत

कोपरखैरणे तेव्हा निम्मं गाव आणि निम्मी सिडकोची वसाहत होतं. ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडायचा आणि आम्ही पोरं खारफुटीच्या कडेकडेने पक्षी बघत हिंडायचो. हातात सलीम अलींचं पुस्तक, दमट हवेने पानं फुगलेली. चोच कशी, पाय किती लांब, एवढ्यावरून पक्षी ओळखायचा आणि नातंही तसंच जोडायचं. गुलाबी रोहित आमच्या लेखी बगळ्या-करकोच्यांच्या घरातले. तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली म्हणजे बदकांची धाकटी बहीण.

आता डीएनएने ही वंशावळ नव्याने मांडली आहे. २०१४ साली ४८ जातींच्या पक्ष्यांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा रोहितांचे सर्वांत जवळचे नातलग निघाले टिबुकलीच्या कुळातले!

देश बदलला की पक्षी बदलतो, हाही आमचा तेव्हाचा पक्का समज. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या छोट्या रोहितांची जनुकं तपासली, तर मध्ये समुद्र असूनही दोन्हीकडचं रक्त मिसळत आल्याचं दिसलं. उलट सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, शोला रानांतले निळे रॉबिन थंड डोंगरमाथे सोडून खाली उतरत नाहीत. पालघाटची खिंड जेमतेम चाळीस किलोमीटरची, तरी तिच्या दोन बाजूंचे पक्षी लाखो वर्षांपासून दुरावलेले आहेत. जाळ्यात अलगद धरायचं, रक्ताचे थेंब घ्यायचे आणि सोडून द्यायचं, अशा कामातून व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं. २०१७ साली त्यांनी या पक्ष्यांसाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजातीच मांडली. नवी जात घडते ती नुसत्या मैलांनी नाही. पक्षी काय ओलांडतो आणि काय ओलांडत नाही, यावर ते ठरतं.

चिखलातल्या त्या सकाळींची सर प्रयोगशाळेतल्या नळीला यायची नाही. तरीही आजच्या पोरांचा मला हेवा वाटतो. खाडीवर उतरलेल्या थव्याचं गणगोत आफ्रिकेपर्यंत पसरलंय, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक आहे. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. आता इथली हातभर पाणथळ बुजवायची भाषा कुणी केली, तर त्या पोरांनी हेच गणगोत पुढे करून ठणकावून ‘नाही’ म्हणावं.