काकांचा टर्मिनेटर

गणपतीत मुंबईची मंडळी उतरली की वर्गणी काढून व्हिडिओ आणायचा, ही नव्वदच्या दशकातली आमच्या वाडीची रीत. आरती, भजन, उसळ-चहा आणि मग पडवीत उजाडेपर्यंत पिक्चर. त्यातला एखादा इंग्रजी असे, आणि तो कळावा म्हणून टीव्हीशेजारी काका बसत. काका ट्रॉलरवर तांडेल. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी आम्हाला ‘टर्मिनेटर २’ मालवणीतून सांगितला.

१९८४ सालचा पहिला भाग आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. त्यात आर्नल्ड श्वार्झनेगर मारेकरी यंत्रमानव होता. १९९१ च्या या दुसऱ्या भागात, एका पोराच्या मागावर आलेल्या दोघांपैकी त्याला मारायला कोण आलाय आणि वाचवायला कोण, हे जेम्स कॅमेरॉनने बराच वेळ झाकून ठेवलंय. काकांनी आर्नल्ड दिसताक्षणीच सांगून टाकलं, “हो आपलो.” संपला सस्पेन्स. दुसरा तो ‘पाऱ्याचो पोलीस’. पोराची आई वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली असते, कारण जगबुडीचं तिचं भाकीत कुणाला पटत नाही. काकांच्या गोष्टीत तिला हिवताप झाला होता आणि मुलगा तिला घरी न्यायला आला होता. २९ ऑगस्ट १९९७ ला यंत्रं अणुयुद्ध घडवून तीनशे कोटी माणसं मारणार, हा तर पिक्चरचा कणा. तो त्यांनी सरळ गाळला. शेवटी आर्नल्ड रसरशीत पोलादात उतरू लागला आणि पडवीभर पोरं मुसमुसायला लागली, तेव्हा म्हणाले, “रडा नकात रे. लोखंडाक दुखना नाय.”

विजयदुर्ग किल्ल्यावरही त्यांचं हेच. ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून सांगायचे, साहेबानं हेलियम पकडला तो हय. खरं तर १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, आणि हा साहेब, लॉकियर, याने हेलियमची पिवळी रेषा टिपली त्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला; तोवर रॅम्से या शास्त्रज्ञाला हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता. तरी किल्ल्यावर हेलियम दिन १८ ऑगस्टलाच होतो. म्हणजे काका एकटेच नव्हते.

काका गेल्यावर, दिवसकार्य उरकून घर बंद करायच्या आदल्या रात्री, मी तो पिक्चर लॅपटॉपवर लावला. खाली सबटायटल्स. पिक्चर अजून सणसणीत आहे. संगणकाची चित्रं सगळी मिळून जेमतेम पाच मिनिटांची, बाकी मुखवटे, बाहुल्या आणि रॉबर्ट पॅट्रिकचं ते न धापता धावणं. शेवटचं पोलादही थंडच. चित्रीकरण फोंटानाच्या बंद पडलेल्या कारखान्यात झालेलं. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपानंतर वर्षानुवर्षं मिळेल त्या कामामागे फिरत मुंबईतच राहिले. त्यामुळे बंद कारखान्यातली ती खोटी आग मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

पण अडकलो ते आधीच्या एका प्रसंगावर. वाळवंटात पोरगा त्या यंत्राला टाळी द्यायला शिकवतोय आणि आई लांबून बघतेय. ओठ हलत नाहीत, फक्त तिचा आवाज येतो. मला आठवत होता तो एवढाच खेळ. तिथं काका काही बोलल्याचं आठवत नव्हतं. आता खाली अक्षरं उमटली : हे यंत्र पोराला कधी सोडून जाणार नाही, दारू पिऊन मारणार नाही, वेळ नाही म्हणणार नाही, इतक्या वर्षांत बाप म्हणून आलेल्या सगळ्यांत हेच एक पुरं पडलं.

सकाळी चुलतबहिणीला विचारलं. ती म्हणाली, बाबांना इंग्रजी कुठलं येतंय, तेवढ्यात पान लावायला उठले असतील. मी म्हटलं, बोटीवर इतकी वर्षं वायरलेस ऐकलेला माणूस, थोडंफार कळत असणार. “मग बाकीचा पिक्चर असा कसा सांगितला?” ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ती म्हणाली, आर्नल्ड शेवटी मेलाच नव्हता, बाबांनी सांगितलं होतं तो खाली बोगद्यातून समुद्रात निघाला म्हणून. हे मी कधीच ऐकलेलं नव्हतं.