दिव्यातील तेल

उंबरमाळीच्या स्थानकावर घटकाभर उभे राहिले, म्हणजे विजेची इंजिने मालगाड्या ओढीत कसाऱ्याकडे जाताना दिसतात. पुढे थळघाटाचा चढ 37 फुटांस 1 फूट असा खडा असल्यामुळे जड गाड्यांस मागूनही इंजिने लावावी लागतात. आपल्या देशातील विजेची पहिली रेल्वेगाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. या इंजिनांस थंडीची क्षिती नसते. कारण त्यांचे अन्न डोक्यावरील तारेत असते. विजेच्या मोटारीस मात्र आपली शिदोरी बरोबर बांधून न्यावी लागते. हा भेद आम्ही वर्गात पुष्कळदा शिकविला होता. परंतु तो आम्हांस खऱ्या अर्थाने कळला गतवर्षीच्या नाताळाच्या आदल्या रात्री.

आमच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या घरात असून त्यांस दम्याचा विकार आहे. ज्या मंदिरात आपला बाप्तिस्मा झाला, तेथे एकदा नाताळाच्या सकाळची उपासना करावी, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. ते मंदिर अहिल्यानगराजवळ, म्हणजे मातोश्री अद्याप ज्यास नगरच म्हणतात तेथे. घोटी, सिन्नर, संगमनेर या वाटेने अंतर दोनशे किलोमीटरांहून थोडे अधिक. आमच्या मेहुण्यांनी आपली पेट्रोलची मोटार देऊ केली होती. आम्ही ती नाकारली. पेट्रोलच्या धुराविरुद्ध वर्गात व्याख्याने द्यावीत आणि सणाला त्याच धुराच्या गाडीतून जावे, हे आम्हांस कमीपणाचे वाटले. यात तत्त्वनिष्ठा किती आणि अभिमान किती, याची तपासणी मात्र आम्ही केली नाही.

आमच्या गाडीची बॅटरी 30 युनिटांची. त्या सायंकाळी ती शंभरात ऐंशी भरलेली होती, म्हणजे 24 युनिटे. शंभर किलोमीटरांस सुमारे 13 युनिटे लागतात. उरलेली वीज सिन्नरजवळ भरून घेऊ, असा विचार करून आम्ही निघालो.

घाटाची आम्हांस धास्ती होती; पण ती व्यर्थ ठरली. सोळाशे किलो वजनाची गाडी 300 मीटर वर नेण्यास गणिताने सव्वा युनिटाहून किंचित अधिक शक्ती लागते. मुलांनी हे गणित करून पाहावे. शिवाय उतरताना त्यातील काही भाग बॅटरीत परत येतो. खरा खर्च निघाला तो उबेचा. इगतपुरी सोडताच गारठा वाढला, मातोश्रींस खोकला येऊ लागला आणि आम्ही गाडीतील हीटर पूर्ण लावला. तो तासाला दीड ते दोन युनिटे खातो.

येथे दोन्ही गाड्यांच्या स्वभावातील फरक सांगितला पाहिजे. एक लिटर पेट्रोलात सुमारे 9 युनिटांइतकी शक्ती असते. म्हणजे चाळीस लिटरांच्या टाकीत साडेतीनशे युनिटे झाली! परंतु त्यातील बहुतांश शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हिवाळ्यात मात्र तीच वाया जाणारी उष्णता बसणारांस फुकट ऊब देते. उधळ्या मनुष्याच्या घरी पाहुण्यांची चैन असते, तसाच हा प्रकार. विजेची गाडी काटकसरी. ती फारसे काही वाया घालवीत नाही, म्हणून तिच्यापाशी फुकट देण्यासही काही नसते. उबेचा प्रत्येक अंश शिदोरीतूनच काढावा लागतो.

सिन्नरजवळ पोहोचलो तेव्हा वीज भरण्याचे यंत्र बंद होते आणि गाडीत 8 युनिटे उरली होती. दुसरे ठिकाण आम्ही पाहून ठेविले नव्हते. तेव्हा आम्हांस जे करावे लागले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. आम्ही हीटर बंद केला आणि मातोश्रींच्या अंगावर गोधडी व आपला कोट घातला. संगमनेरच्या अलीकडे एका ढाब्याच्या मालकाने दया येऊन आपला 15 अँपिअरचा प्लग वापरू दिला. त्यावर तासाला 3 युनिटे भरतात. चार तास आम्ही तेथे बसलो. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "अरे, तुझ्या वडिलांच्या बैलांना वाटेत चारा तरी मिळत असे."

पहाटे आम्ही पोहोचलो. नाताळाच्या उपासनेची घंटा झाली, तेव्हा मातोश्री अंथरुणात बसून मोठ्या कष्टाने श्वास घेत होत्या. मंदिर घरापासून शंभर पावलांवर. परंतु त्यांस तेथवर जाता आले नाही. दहा कुमारींचा दृष्टांत आम्ही शाळेच्या प्रार्थनेत कितीतरी वेळा सांगितला आहे. दिव्याबरोबर जास्तीचे तेल न घेणाऱ्या त्या पाच जणींत आपण एके दिवशी जाऊन बसू, असे मात्र मनात कधी आले नव्हते.

यावरून विजेची गाडी वाईट, असे कोणी समजू नये. आमच्याहून कितीतरी कडक थंडीच्या नॉर्वे देशात 2024 साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहांत जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तेथील पुष्कळ लोक रात्री घरीच बॅटरी भरतात आणि निघण्यापूर्वी गाडी तापवून घेतात. उलट त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील शिकागो शहरी कडाक्याच्या थंडीत वीज भरण्याच्या ठिकाणी अशा गाड्यांच्या रांगा लागून कित्येक जण अडकून पडले. यंत्र दोहोंकडे एकाच जातीचे होते.

चार दिवसांनी मातोश्रींस बरे वाटल्यावर आम्ही परत निघालो. या वेळी भर दुपारी, बॅटरी पूर्ण भरून. प्लग लावलेला असतानाच गाडी आतून उबदार करून घेतली आणि वाटेतील दोन ठिकाणी आधी विचारून ठेविले. मेहुण्यांसही, तुमचा सल्ला योग्य होता, असे कळविले. हे शेवटचे काम सर्वांत जड गेले.

येत्या नाताळास मातोश्रींस पुन्हा तेथे न्यावयाचे आहे. कोणत्या गाडीने, हे अद्याप ठरले नाही; ती निवड आम्ही त्यांच्यावरच सोपविली आहे. त्यांनी मात्र आम्हांस एकच प्रश्न केला, "तेल जास्तीचे घेशील ना?"