वाळूगर्भातलं स्पंदन

दिघीच्या धक्क्यासमोर राजपुरीची खाडी पसरलेली असते. पलीकडे आगरदांडा, समुद्राच्या अंगाला पाण्यात उभा जंजिरा. इथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालं की दिवेआगरची लांब पुळण लागते, सुरूची आणि केवड्याची बनं पाठीशी घेऊन पहुडलेली. थंडीतल्या एखाद्या रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीची रेघ ओलांडून वर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाच्या भाराने ती दाबते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची आणि तिची भेट होत नाही.

आपण त्या खड्ड्यातल्या एका अंड्यापाशी जरा रेंगाळू या. ते वाळूवर पडतं, तेव्हा त्यात हृदय नसतं. गर्भाची सुरुवात आईच्या पोटातच झालेली असते. पेशींची एक नाजूक चकती तयार होते, तिच्यात थर वेगळे होऊ लागतात आणि नेमकं तिथेच सगळं थांबतं. अंडनलिकेत प्राणवायू फार तोकडा असतो, त्या तोकडेपणातच गर्भ निजून राहतो. अंडं बाहेर आलं, वाळूच्या कणांमधली हवा कवचातून आत झिरपली की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते. म्हणजे या कासवाचं हृदय आईच्या पोटात घडत नाही. ते घडतं दिवेआगरच्या वाळूत, तिच्या उबेवर, तिच्या ओलाव्यावर, तिच्या हवेवर. हे कळल्यापासून मला त्या पुळणीवर पाय जपून टाकावासा वाटतो.

कासवमित्रांची पहाटेची लगबगही यासाठीच असते. अंडी हॅचरीत हलवायची तर पहिल्या काही तासांतच, आणि होती तशीच धरून. पुढे गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. मग अंडं फिरलं तर तो जीव तुटतो.

आता त्या चकतीकडे वळू. तिच्यातल्या प्रत्येक मूलपेशीपाशी जनुकांचा तोच संपूर्ण संच आहे. हाड, कातडी, डोळा, काळीज, सगळं प्रत्येकीत दुमडून ठेवलेलं. मग हिनेच हृदय व्हायचं, हे ठरतं कसं? कोंबडीच्या, उंदराच्या, माशाच्या गर्भांतून आणि माणसाच्या मूलपेशींतून जे उलगडत गेलं, ते ऐकताना श्वास मंद होतो. पेशी एकटी काहीच ठरवत नाही. आजूबाजूच्या पेशी इवली प्रथिनं पाझरवतात आणि ही ती आपल्या पृष्ठभागावर झेलते. या संदेशांपैकी एकाला विंट म्हणतात. आधी विंटची साद हवी असते. ती आली की पेशी मधल्या थरात उतरते, मेस्प-१ नावाचं जनुक तिच्यात थोडा वेळ जागं होतं आणि विझतं. पण तीच साद पुढेही चालू राहिली तर हृदय होणार नाही. खालच्या थरातल्या पेशी मग विंटला अडवणारी प्रथिनं सोडतात, शेजारून बीएमपी नावाचा दुसरा संदेश येतो आणि त्या निवांतात हृदयाची जनुकं उघडतात. बोलावणं आणि मौन, दोन्ही वेळेवर यावं लागतं. प्रयोगशाळेतल्या बशीतही हाच क्रम पाळावा लागतो; विंटची साद आधी चेतवायची, मग शमवायची, तेव्हा आठ-दहा दिवसांनी मूलपेशींच्या थरात आपोआप ठोका उमटतो.

पुढचं काम जीएटीए-४, एनकेएक्स २-५, टीबीएक्स-५ या जनुकांचं. त्यांची प्रथिनं डीएनएवर एकमेकांना टेकून बसतात आणि एकमेकांनाच जागं ठेवतात. यातल्या एनकेएक्स २-५ ची बहीण फळमाशीत आहे. ती नसेल तर माशीला हृदयच येत नाही, म्हणून एका कथेतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून तिचं नाव टिनमन ठेवलं गेलं. माशी, कासव, किनाऱ्यावर जाळं ओढणारा माणूस, सगळ्यांच्या शरीरात एकाच प्राचीन घराण्याची जनुकं स्पंदन पेरतात. त्यांच्या हुकमावर ॲक्टिन, मायोसिन आणि टायटिन नावाचं अजस्र प्रथिन रचलं जातं. त्यांच्या ओळी लागतात, आणि पेशी आकसायला शिकते.

जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९५७ साली पेशीच्या या प्रवासाचं एक चित्र दिलं. डोंगरमाथ्यावर एक गोल चेंडू, खाली फाटे फुटत गेलेल्या घळी. चेंडू ज्या घळीत उतरेल तसं पेशीचं रूप. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे चित्र लगेच आपलं वाटतं. पण मला अधिक भावतं ते त्यांचं दुसरं चित्र, त्याच डोंगराच्या पोटातून काढलेलं. खाली जमिनीत जनुकांच्या खुंट्या, त्यांना बांधलेले असंख्य दोर, ते एकमेकांत गुंतून वरच्या उतारांना ताणून धरतात. एकाही घळीचा एकच धनी नाही. याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोत काम करून लीला मुल्हेरकर पुण्यात परतल्या आणि विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भाच्या अभ्यासाची परंपरा त्यांनी रुजवली. कोंबडीच्या अंड्यात दीड दिवसाच्या आसपास पहिला ठोका पडतो. आकार अजून धड आलेला नाही, वाहायला रक्तही पुरतं तयार नाही, आणि तरी ठोका.

कासवाच्या हृदयाला तीन कप्पे. वरचे दोन, खाली एकच जवनिका, अर्धवट विभागलेली. सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांत खालचे कप्पे दोन असतात. हा फरक कुठून आला, याचा एक धागा २००९ साली हाती लागला. उंदराच्या आणि कोंबडीच्या गर्भात टीबीएक्स-५ डाव्या बाजूला दाट असतं आणि मध्यावर एकदम ओसरतं. त्या ओसरत्या काठावर पडदा उभा राहतो. गोड्या पाण्यातल्या एका कासवाच्या गर्भात ते सुरुवातीला सगळीकडे सारखं असतं, नंतर डावीकडे थोडं दाटतं, पण काठ ठळक होत नाही. उंदरात ते मुद्दाम सगळीकडे सारखं पसरवलं, तर त्याच्याही हृदयात खाली एकच कप्पा झाला. एका जनुकाची सीमा किती रेखीव, यावर हृदयाची भिंत अवलंबून. आणि कासवाचं हृदय अपुरं राहिलं, असं मात्र मी म्हणणार नाही. दीर्घ बुडी मारताना फुफ्फुसाकडे जाणारं रक्त बाजूला वळवता येतं, ते याच मोकळ्या दालनामुळे.

वाळूतल्या त्या अंड्यात स्पंदन जन्मतं, तेव्हा पेशींची आणखी एक जादू घडते. ती प्रयोगशाळेतल्या बशीत दिसते. तिथे विखुरलेल्या हृदस्नायू पेशी आपापल्या तालात धडकतात. दोन पेशी वाढता वाढता एकमेकींना टेकल्या की त्यांच्यात सूक्ष्म द्वारं उघडतात, विद्युतभार इकडून तिकडे जातो आणि थोड्याच वेळात दोघी एका ठेक्यावर येतात. कोणी ताल दिलेला नसतो. स्पर्श पुरतो.

असं घडलेलं हृदय आपण किती गृहीत धरतो! प्रौढ माणसात या पेशी फारशा नव्याने होत नाहीत: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. हृदयविकाराच्या झटक्यात त्या मेल्या की जागी व्रण उरतो. झेब्राफिश या आपल्याकडच्या ओढ्यांतल्या इवल्या माशाचं तसं नाही. त्याच्या जवनिकेचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा भरतो. जखमेच्या काठच्या स्नायुपेशी उतारावर काही पावलं मागे चढतात, आपलं स्नायुपण थोडं सैल करतात आणि विभागू लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या माशाच्या हृदयाचा अभ्यास चालतो. तिथे सीसीएन२ए या प्रथिनाचं काम दिसून आलं. इजा झाल्यावर ते पेशींबाहेरच्या जागेत येतं आणि स्नायुपेशींच्या विभागणीला चालना देतं. गर्भात जी भाषा शेजारणी बोलल्या, तिचाच एक बोल जखमेच्या वेळी पुन्हा उच्चारला जातो. माणसाच्या हृदयातही त्याच कुळातलं जनुक आहे. माशात ते स्नायू परत आणायला मदत करतं, आणि आपल्याकडे जखमेच्या जागी उमटतं व्रणाच्याच सोबतीने. हा फरक कोणत्या दोरांच्या ताणाने पडतो, ते शोधणं अजून चालू आहे.