बुधाचा 'ब'

माझं बोलणं 'ब' या अक्षरावर अडायचं. बाकीची अक्षरं कशीबशी निघायची, पण 'ब' आला की ओठ मिटायचे ते मिटलेलेच. मान ताठ व्हायची, डोळे आपोआप बंद व्हायचे आणि समोरचा माणूस माझा शब्द स्वतःच पुरा करून मोकळा व्हायचा. आता शेतकऱ्याच्या घरात 'ब' टाळून बोलायचं तरी कसं? बाप, बहीण, बैल, बांध, बादली सगळी 'ब'चीच. आईचं नावसुद्धा 'ब'वरून सुरू होणारं. त्यात आमचा माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख, बाजरीचं नाव घेतल्याशिवाय दिवस सरायचा नाही. मी बाजरीला 'धान्य' म्हणायचो आणि बैलाला 'जनावर'. शाळेत पोरं हसायची. गुरुजी मला वाचायला उभं करायचे नाहीत, ते दयेपोटी. पण त्या दयेनं मी आणखीच मुका होत गेलो.

बुधाची पहिली ओळख आजीनं करून दिली. श्रावण लागला की ती जिवतीचा कागद आणून देवळीशेजारी चिकटवायची. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, पोरं खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि हत्तीवर बसलेला बुध, वाघावर बसलेला बृहस्पती. श्रावणातल्या बुधवारी-गुरुवारी या दोघांना दहीभाताचा नैवेद्य असायचा. कहाणीतले ते भिक्षा मागायला येणारे मामा-भाचे आणि हात रिकामे नाहीत म्हणून त्यांना परत पाठवणाऱ्या सुना आजी रंगवून सांगायची. मग माझ्याकडं वळून म्हणायची, "त्यो हत्तीवरचा बुध. बुद्धीचा अन् वाचेचा देव. त्याला हात जोड, तुझी जीभ मोकळी हुईल." मी हात जोडायचो. जीभ काही मोकळी व्हायची नाही.

1984 साली वडील गेले. मी नुकताच अठराचा झालो होतो, बहीण बाराची. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं दिला, फेरफार धरला गेला आणि नोटिशीचे पंधरा दिवस संपायच्या आत चुलत्यानं हरकत घेतली. विहिरीजवळचं दोन एकर रान वडिलांनी जिवंतपणी तोंडी आपल्याला देऊन टाकलंय, असं त्याचं म्हणणं. तेव्हा हरकत आली की नोंद तक्रारी नोंदवहीत जायची आणि सर्कलसाहेबांपुढं सुनावणी व्हायची. आई कधी चावडीची पायरी चढली नव्हती. बोलायचं ते मलाच. चुलता पारावर सांगत सुटला, "बोलणार कोण? ते पोरगं? त्याला बापाचं नाव सांगता येत न्हाय." खोटं नव्हतंच ते.

आई मला जोशीबुवांकडं घेऊन गेली. म्हातारे गृहस्थ, आमच्या पाच-सहा गावांची लग्नं-मुहूर्त तेच बघायचे. त्यांनी पत्रिका विचारली. आई म्हणाली, "पत्रिका कुठली, बुवा? गुरं पाण्यावर गेली तवा झाला, एवढं ठावं हाय."

जोशीबुवा हसले. "नसू दे. वाणीचा कारक बुध. त्याचा नाममंत्र देतो. म्हण, ॐ बुं बुधाय नमः।"

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. एका ओळीत दोन 'ब', तेही लागोपाठ. आईला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. ते म्हणाले, "जिथं गाडी रुतते तिथंच खांदा लावायचा असतो, बाई."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. जप तीन तऱ्हेचा. मोठ्यानं म्हणायचा तो वाचिक, ओठ हलतील पण दुसऱ्याला ऐकू जाणार नाही तो उपांशू, आणि मनातल्या मनात तो मानस. शास्त्रात मानस जप सगळ्यात वरचा. "पण तुला तो नको," बुवा म्हणाले. "मनात तू आत्ताही सरळच बोलतोस. तुला वाचिकच करायचा." बुधाची जपसंख्या कुणी नऊ हजार सांगतात, आमच्याकडचे चार हजार धरतात. माळेत मणी एकशे आठ, पण मोजायचे शंभर. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. रोज एक माळ, चाळीस दिवस. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. एका श्वासात एकच मंत्र. श्वास पुरा घेतल्याशिवाय पुढचा मणी ओढायचा नाही.

आईनं भीत भीत विचारलं, "खडा घालावा लागंल का? पाचू?" तालुक्याला सोनाराकडं कुणीतरी तसं सांगितलं होतं.

"पाचू राजांना. बुधाची समिधा कुठली, ठाऊक आहे? आघाडा. तो तुमच्या बांधावर फुकट उगवतो. झेपेल तेवढे हिरवे मूग दान करा, पुरे."

दुसऱ्या दिवसापासून वडिलांची तुळशीची माळ घेऊन मी विहिरीवर बसायला लागलो, सांजच्याला. त्याच दोन एकरांतली ती विहीर. आसपास कुणी नाही. बैल तेवढे रवंथ करत बसलेले. पहिल्या दिवशी एका माळेला दीड तास लागला. 'ॐ' सहज निघायचा, कारण त्याला ओठ आपटायचे नसतात. पण 'बुं'ला घशात दगड बसायचा. पाच-सहा दिवसांनी एक गोष्ट ध्यानात आली. 'ॐ'च्या शेवटी ओठ मिटतात आणि आवाज आत गुणगुणत राहतो. ते गुणगुणणं चालू असतानाच ओठ हलके उघडले, की 'बुं' आपसूक बाहेर येतो. जोर लावला की अडतो, सोडला की सुटतो. बैलाची वेसण ओढली की तो मागं रेटतो, सैल सोडली की चालतो, तसंच.

एकदा जोशीबुवा विहिरीवर आले. दिवस नुकताच मावळला होता. मावळतीला डोंगराच्या कडेला अगदी खाली एक बारीक चांदणी दाखवून म्हणाले, "तो बघ बुध. अठ्ठ्याऐंशी दिवसांत सूर्याची फेरी पुरी करतो, पण सूर्याला सोडून लांब कधी जात नाही. म्हणून तो अंधाऱ्या रात्री माथ्यावर दिसायचा नाही. सांजेला नाही तर पहाटे, तोही घटकाभर." एवढासा ठिपका, आणि त्याच्यावर आमच्या दोन एकरांचा भार!

पुढं वाचनात आलं, की अडखळणारी माणसं गाताना, तालात म्हणताना किंवा दुसऱ्यांच्या सुरात सूर मिळवून बोलताना सहसा अडखळत नाहीत. श्वास, ताल आणि सैल ओठ यांचीच ती करामत म्हणा. ग्रहानं केलं की श्वासानं, या वादात मी पडत नाही. जोशीबुवांनी दोन्ही एकाच माळेत ओवून दिलं होतं. आज कुणी आपलं पोर माझ्याकडं आणलं तर आधी त्याला वाचा-उपचार करणाऱ्यांकडं न्यायला सांगतो. तेव्हा आमच्या भागात तसं कुणी नव्हतं. श्रद्धा असेल तर मंत्रही द्या म्हणतो. पण पोराचा शब्द तुम्ही पुरा करू नका, हे मात्र सगळ्यांनाच बजावतो.

सुनावणी चावडीत झाली. जप पुरा होऊन आठवडा झाला होता. चुलता, त्याचे दोन साक्षीदार, तलाठी आणि दारात निम्मं गाव. सर्कलसाहेबांनी विचारलं, "मयत तुमचे कोण?"

मी श्वास घेतला. पुरा. चावडी गप्प झाली. चुलता काहीतरी बोलायला पुढं झाला, तेव्हा साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. मी ओठ मिटून आतल्या आत गुणगुणलो आणि म्हणालो, "बाप."

पुढंही दोन-तीनदा अडलो, पण थांबून, श्वास घेऊन पुन्हा सुरू केलं. त्या रानाचा सारा शेवटपर्यंत वडिलांनीच भरला, म्हणून पावत्या एकेक करून मांडल्या. तोंडी दिल्याचा कागद काय, असं विचारलं. कागद नव्हताच. शेवटी साहेब म्हणाले, "वारसांची नावं सांगा." मी आईचं नाव घेतलं. तिच्या नावाचा तो 'ब' चारचौघांत माझ्या तोंडून पहिल्यांदाच असा सरळ निघाला. दारात उभ्या आईनं पदर तोंडाला लावला.

हरकत फेटाळली गेली, नोंद मंजूर झाली. आईनं पायलीभर मूग स्वतः निवडून जोशीबुवांच्या पदरात घातले. महिन्याभरानं मी सातबारा घेऊन घरी आलो. आईला अक्षरओळख नव्हती. कागद चुलीपासून लांब धरून म्हणाली, "यात माझं कुठं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग त्या पहिल्या अक्षरावर स्वतःचं बोट फिरवत म्हणाली, "ह्योच व्हय रं, तुला छळणारा?"