नको म्हणण्याचे धाडस

पास्काचा सण उलटला, की आमच्या धर्मग्रामात घरे आशीर्वादित करण्याचे दिवस सुरू होतात. एका संध्याकाळी दहा-बारा घरे होतात आणि प्रत्येक घरी काहीतरी घ्यावेच लागते. कुठे सरबत, कुठे बाटलीतले थंड पेय, कुठे दाट गोड चहा. 'नको' म्हटले की घरधनिणीचा चेहरा उतरतो. म्हणून पंचवीस वर्षे मी कधी 'नको' म्हटलेच नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पुढे ठेवून मधुमेहाचे निदान केले. मधुमेहाला एकटी साखर कारण नसते; आनुवंशिकता, वजन, बैठे जीवन यांचाही त्यात वाटा असतो. तरीही मी हिशेब मांडला आणि ओशाळलो. कोलाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे तीस ग्रॅम, म्हणजे सात चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी अशी आहे. पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅमांच्या आत राहिल्यास अधिक हिताचे. मध आणि फळांचा रसही याच हिशेबात येतो. पेयातली साखर पोट भरल्याची जाणीव न देताच रक्तात उतरते आणि अतिरेक झाला की यकृत तिची चरबी करू लागते.

मग मी कृत्रिम गोडीच्या गोळ्या आणल्या. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असे त्याच संघटनेने २०२३ साली सुचवले आहे. ती सूचना मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, त्यामुळे मला मुभा होती. पण चहा पूर्वीइतकाच गोड लागत होता आणि जिभेचा हट्ट जराही कमी झाला नव्हता. गोळ्या कपाटात गेल्या.

त्या वर्षी एका आजींच्या घरी सरबताचा पेला पुढे आला. त्यांच्या पायाला पट्टी होती. महिना उलटला तरी जखम भरत नव्हती. मी धीर करून म्हणालो, "आजी, मला साखर वर्ज्य आहे."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, मनाई मलाही आहे. पण तुम्ही आलात की तुमच्याबरोबर मीही घेते. फादरांना चालते, तर मला काय होणार?"

उत्तर मला सुचले नाही. ज्याला मी सौजन्य समजत होतो, ते कितीजणांना परवाना वाटले असेल! माझे दुखणे मी लपवले आणि माझ्या पेल्याने त्यांचे पथ्य मोडले.

यंदा घरभेटींपूर्वीच्या रविवारी मी वेदीवरून माझा आजार सांगितला आणि पुढ्यात केवळ पाणी ठेवण्याची विनंती केली. काहींना ते रुचले नाही. आजींनी मात्र ताकाचे दोन पेले भरून ठेवले होते. एक त्यांनी माझ्या हाती दिला, दुसरा स्वतः घेतला. त्यांची जखम भरली होती. आम्ही दोघांनी ते ताक सावकाश संपवले.