खर्जाची तार

माणूस आपल्यासाठी एखादे वाद्य निवडतो तेव्हा त्याच्या मनात नेमके काय चाललेले असते, हे एक कोडेच आहे. सतार घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मैफल असते. बासरी घेणाऱ्याच्या मनात कोठेतरी यमुनेचा काठ असतो. हार्मोनियम घेणाऱ्याला निदान एवढी तरी खात्री असते, की आपण कोणते गाणे वाजवीत आहो हे शेजाऱ्यांना भिंतीपलीकडूनही ओळखता येईल. परंतु बेस गिटार घेणाऱ्याचे काय? त्याने एकट्याने तासभर वाजविले तरी ऐकणाऱ्यास एकही ओळखीची ओळ हाती लागत नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी पलंग सरकवीत असावे, एवढाच काय तो बोध होतो.

जवळजवळ पन्नास वर्षे मी हे वाद्य हौसेने वाजवीत आलो आहे. बँकेतील नोकरीतून निवृत्त होऊनही आता दहाबारा वर्षे लोटली. एवढ्या काळात मला जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला गेला, तो असा : "तुमच्या गिटारला चारच तारा कशा? बाकीच्या दोन तुटल्या वाटते?" पूर्वी मी सविस्तर खुलासा करीत असे. आता मी एवढेच म्हणतो, की तंबोऱ्यालाही चारच तारा असतात. या उत्तराने प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद होते, हा त्याचा एक गुण. आणि ते उत्तर पुष्कळसे खरे आहे, हा दुसरा. तंबोऱ्याची शेवटची, जाड, खर्जाची तार आठवा. ती नीट लागलेली असली म्हणजे तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती उतरली की गवई गाणे थांबवून खुंटीला हात घालतो. बेस गिटार म्हणजे अशी खर्जाचीच तार. फरक एवढाच, की ही तार एका स्वरावर न थांबता गाण्याबरोबर चालत राहते.

या वाद्याचा जन्मच मुळी गैरसोयीतून झाला. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम डबल बेसकडे असे. ते वाद्य पुरुषभर उंचीचे. ते आगगाडीच्या डब्यात शिरत नसे, आणि कसेबसे सभागृहात पोहोचलेच, तर ड्रम आणि कर्णे यांच्या गदारोळात ऐकू येत नसे. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात पडद्यांचे विजेवर चालणारे बेस तयार केले होते. पण ते रुजले नाही. ते रुजविले कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. त्यांनी घोडीपासून वरच्या मेरूपर्यंत चौतीस इंचांची तार ठरविली, दांडीवर पडदे बसविले आणि पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून वाद्याचे नाव 'प्रिसिजन' असे ठेविले. ज्याला वाजविता येत नाही त्याने वाजविणाऱ्यांची अडचण इतकी बरोबर ओळखावी, याची मला नेहमी गंमत वाटते.

माझे पहिले वाद्य मी १९७६ साली मुंबईत एका बोटीवरील खलाशाकडून विकत घेतले. ते जपानी बनावटीचे होते. कारखान्याचे नाव झिजून गेले होते. त्या काळी परदेशी वाद्ये आणणे सरकारी निर्बंधांमुळे फार कठीण होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र बेस गिटारचा नाद घुमू लागला होता. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवीत, आणि ते रेकॉर्डवर ऐकूनच माझ्यासारख्या कित्येकांना या खालच्या स्वरांचे वेड लागले. माझ्या त्या वाद्याची दांडी धनुष्यासारखी वाकलेली होती. त्यात आश्चर्य नव्हते. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, आणि तो त्या लाकडाने अहोरात्र सोसावयाचा असतो. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर उचलल्या, की किल्लीने ती सळई पाव फेरा आवळावयाची आणि दिवाळीनंतर तेवढीच सैल करावयाची, असा माझा नेम ठरून गेला. आमच्या घरात लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधण्याचे आणि माझी किल्ली निघण्याचे दिवस साधारण एकच असत.

तारांची कथा याहून लांबलचक आहे. या तारा म्हणजे एका गाभ्याच्या तारेवर दुसऱ्या तारेचे वेढे. वेढे गोल तारेचे असले, तर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि आवाज पियानोसारखा झळझळीत निघतो. वेढे चपट्या पट्टीचे असले, तर तार गुळगुळीत होते आणि आवाज मऊ, भरीव, काहीसा मिटलेला येतो. इंग्लंडातील जॉन एंटविसल या वादकाने १९६०-७०च्या दरम्यान गोल वेढ्यांच्या तारांचा झणत्कार जगभर पोहोचविला. तरुणपणी मला तोच हवा असे. पण ही झळाळी अल्पायुषी. बोटांचा घाम आणि मळ वेढ्यांच्या फटीत शिरला, की महिन्याभरात तार मुकी होते. नव्या संचाला तर माझ्या पगाराचा बराच हिस्सा लागे. म्हणून मी तारा उतरवून पाण्यात उकळीत असे. त्यामुळे त्या दोनचार दिवस पुन्हा बोलू लागत. स्वयंपाकघरातील एक पातेले याच कामी कायमचे बाद झाले आहे, आणि त्याचा उल्लेख आमच्या घरी अजूनही योग्य प्रसंगी होतो.

याच्या अगदी उलट उदाहरण डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सन यांचे. मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांखालचा खर्ज या माणसाचा. ते चपट्या वेढ्यांच्या तारा वापरीत, तुटल्याखेरीज बदलीत नसत, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत. कित्येक वर्षे त्या रेकॉर्डांवर त्यांचे नावही छापले जात नसे. गाणी जगाच्या ओठांवर होती आणि त्यांना चालविणारे बोट कोणाचे हे जगास ठाऊक नव्हते. १९८३ साली ते वारले. आज माझ्या वाद्यावर चपट्या वेढ्यांच्या तारा आहेत, आणि त्यांना नववे वर्ष चालू आहे. गोल वेढ्यांची तार जुनी झाली की मरते. ही मात्र मुरते.

आता अ‍ॅम्प्लिफायरविषयी. खालचा स्वर मोठा महागडा असतो. माझी सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या आवाजाची हवेतील लाट आठ मीटरांहून लांब असते. शिवाय मनुष्याचा कान खालच्या स्वरांना मंद आहे. वरचा स्वर चिमूटभर शक्तीने ऐकू येतो, तिथे खालच्या स्वराला पोतेभर शक्ती लागते. एव्हरेट हल या डबल बेस वादकाने वाद्याच्या खालच्या खुंटीत मायक्रोफोन बसवून १९४० नंतरच्या दशकात 'अँपेग' कंपनी उभी केली. १९६९ मध्ये याच कंपनीने ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. स्पीकर सोडून त्याचे एकट्याचेच वजन पस्तीस किलोंहून अधिक. माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर मात्र लॅमिंग्टन रोडवरील एका कारागिराने रेडिओच्या व्हॉल्व्हांतून जुळवून दिला होता. स्पीकर होता भाषणांसाठी केलेला. गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला त्याचा कागदी कोन टरकन फाटला. पुढचा सारा कार्यक्रम मी आवाजावाचून वाजविला, आणि मंडपातील एकाही माणसाला ते कळले नाही!

ही गोष्ट मी अनेकदा हसत हसत सांगितली आहे. पण तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर उभा राहिला. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि तीन महिने वाद्याला हात न लावण्याची आज्ञा केली. आम्ही पाच पेन्शनर दर शनिवारी एकत्र जमून जुनी गाणी वाजवितो. मी नसताना ते चारजण वाजवीत राहिले. एक छोटासा कार्यक्रमही त्यांनी केला. श्रोत्यांना काही उणे भासले नाही. घरातील मंडळींनी सौम्यपणे सुचविले, की आता हे ओझे उतरून ठेवावयास हरकत नाही. मलाही वाटले, ज्याच्या असण्यानसण्याने ऐकणाऱ्यास फरक पडत नाही, त्यासाठी सांधे का झिजवावे? कार्यक्रमानंतर फक्त आमचे ड्रमवाले मित्र घरी आले. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "अहो, तुम्ही नसलात की मला टेकायला भिंतच राहत नाही."

एका माणसाची टेकण्याची सोय, एवढेच कारण मला पुरले. चौतीस इंचांचे वाद्य मी नातवाला दिले आणि तीस इंचांचे घेतले. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत बोटे पूर्वी पाच इंचांहून अधिक ताणावी लागत. आता ती साडेचार इंचांत भागतात. हा अर्धा इंच किती मोठा असतो, ते सत्तरी गाठलेला अंगठाच जाणे. अ‍ॅम्प्लिफायरही नव्या पद्धतीचा आहे : पाचशे वॅटचा, आणि वजनाला तीन किलोंच्या आत. तो भाजीच्या पिशवीतून नेता येतो.

त्यानंतर मी कानही तपासून घेतले. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यापुढे एक आलेख ठेवला. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. चार हजार कंपनांपासून पुढे रेषा दरडीसारखी खाली कोसळलेली होती. म्हातारपणी असेच होते, असे त्या म्हणाल्या. तारुण्यात मी ज्या झळाळीसाठी तारा उकळल्या, ती बरीचशी त्या कोसळलेल्या भागातच राहत असे. मी माझ्या वाद्याचा हिशेब मनातल्या मनात केला. त्याचा सर्वांत वरचा मूळ स्वरदेखील तीनशे-सव्वातीनशे कंपनांपलीकडे जात नाही. आलेखाच्या डावीकडे बोट ठेवून मी विचारले, "आणि इथे?" बाई म्हणाल्या, "इथे काही झालेले नाही." मी आलेखाची घडी करून खिशात ठेवली. शनिवार दुसऱ्याच दिवशी होता.