खाडे

देव देतो नि कर्म नेतं, असं आई म्हणायची. तेही रविवारी, चर्चहून आल्यावर, पातळाची घडी घालताना. आमच्या ख्रिस्ती घरात कर्माचं काय काम, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही, आणि गेले चार दिवस ही म्हण डोक्यातून हलत नाही.

देव देतो, इथवर प्रेषित पौलही मान डोलावील. तिढा पुढे आहे. रोमकरांना, गलतीकरांना लिहिताना त्याचा सगळा जोर कृपेवर: नियमशास्त्र पाळून तारण मिळत नाही, ते विश्वासाने, फुकट. मग जे कर्माने मिळालंच नाही, ते कर्माने जाईल कसं? पण गलतीकरांच्याच पत्रात, अगदी शेवटाकडे, पेरावं तसं उगवतं हेही तोच सांगतो. म्हणजे आईची म्हण मागच्या दाराने घरात आलीच.

खरं तर त्या पत्रातलं मला नियमशास्त्र कमी आठवतं, जेवण जास्त. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसायचा. याकोबाकडची माणसं आली, तसा तो हळूहळू अंग काढून घेऊ लागला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. केवढा तो वाद, आणि पेटला कुठे, तर ताटावर! मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा. नवऱ्याकडे परत आल्यावरही काही काळ त्यांनी आपलं सोवळं वेगळं ठेवलं होतं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला तो पेत्र दिसतो. धड बसलेला नाही, धड उठलेला नाही.

आणि दूधवाला. त्याचा इथे काही संबंध नाही, पण तो सारखा मध्ये येतोय.

द्राक्षमळ्याचा दाखला आईचा फार लाडका. पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार, शेवटच्या तासाला आलेल्यालाही एकच. सांगताना तिचे डोळे भरून यायचे. आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मात्र ती लाल पेन्सिलीने न चुकता मांडायची. अर्ध्या लिटरचा निम्मा खाडासुद्धा. एका डिसेंबरात दूधवाल्याची बायको आजारी पडली, महिन्यात नऊ खाडे झाले. आईने कॅलेंडरकडे पाहिलं आणि पुऱ्या महिन्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. मला वाटलं, बघा, ही कृपा.

त्याने तिथेच उंबऱ्यावर पैसे मोजले. खाडे त्याच्याही लक्षात होते. नऊ दिवसांचे बाजूला काढून त्याने किटलीच्या झाकणावर ठेवले आणि झाकण आईपुढे केलं. “नको बाई, हिशोबाचंच द्या.”

आईचा चेहरा उतरला. रागाने की लाजेने, ते तेव्हाही कळलं नव्हतं. तिने ते पैसे उचलले का, हे मात्र काही केल्या आठवत नाही.